धागा: घाणेरी, रानतुळस, गाजर गवत, बेशरम – नागपूरकडच्या जागेतून हे काढायचं कसं?

मोकळंमैदान
काटोल रोडच्या बाजूला, गोरेवाड्याच्या जंगलापासून फार लांब नाही अशी एका संस्थेची 2 एकर जागा आहे. तीन बाजूंनी घाणेरीची (टणटणी, लॅन्टाना) जाळी, मधे छातीएवढी रानतुळस, रस्त्याकडच्या कडेला गाजर गवत (काँग्रेस गवत) आणि मागच्या नाल्यात बेशरम. आठ-दहा पळस, दोन मोह आणि एक बेहडा अजून उभे आहेत. हे सगळं काढून इथलं गवत आणि इथली झाडं परत आणायची आहेत. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत साफ करून देतो. लावायचा का? पाऊस लागायच्या आधी काय काय करून घ्यावं?

धावडा
जेसीबी लावू नका जी. तीन कारणं सांगतो.

एक, घाणेरीचे नवे कोंब खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून फुटतात. बकेट ती गाठ फोडते, तुकडे मातीत गाडते, आणि ओलाव्यात दाबल्या गेलेल्या फांद्यांनाही मुळं सुटतात. दोन, माती उलटली की वर्षानुवर्षं खाली पडलेलं बी उजेडात येतं. उघड्या मातीवर सगळ्यांत आधी गाजर गवत येतं, मारवेलसारखं देशी गवत येत नाही. जाळीखाली जे थोडं देशी गवत तग धरून आहे त्याचे ठोंबही त्या बकेटमध्ये जातात. तीन, जेसीबी त्याआधी कुठल्या तरी लेआऊटवर (प्लॉट पाडलेल्या जागेवर) किंवा मुरमाच्या खाणीवर काम करून आलेला असतो. टायरला आणि दातांना चिकटलेल्या मातीतून त्या जागेचं बी तुमच्याकडे येतं. रिंग रोडच्या कडेनं गाजर गवताचे जे पट्टे दिसतात, त्यात मुरमाच्या ट्रकचा वाटा मोठा आहे.

घाणेरी हातानंच काढायची. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी बसवलेली मूळगाठ कापायची पद्धत अशी:

1. दोन माणसांची जोडी. एकानं लांब आकडीनं फांद्यांचा जुडगा वर उचलून धरायचा म्हणजे बुंधा दिसतो. जाळी फार दाट असेल तर आधी कोयत्यानं वाटेपुरतंच छाटायचं.
2. दुसऱ्यानं बुंध्याजवळची माती थोडी बाजूला करून जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर टिकासानं किंवा कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं. घाव गाठीच्या खाली बसला पाहिजे. गाठीच्या वर बसला तर महिन्याभरात दहा कोंब येतात.
3. झुडूप तिथेच उलटं करायचं, मुळं वर आणि शेंडा खाली. दुसऱ्या झुडपावर टेकवून ठेवता आलं तर उत्तम. मूळ मातीला टेकलं नाही की ते वाळतं.
4. फळं लागलेली फांदी ओढत न्यायची नाही. काळी पिकलेली फळं असतील तर ती पोत्यात भरून मगच झुडपाला हात लावायचा.

खोल खणून पूर्ण मूळ काढायची गरज नाही. उलट त्यानं माती हलते, आणि तेच टाळायचं आहे.

वेळ: पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर काळी माती मऊ होते, तेव्हापासून ऑगस्टपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडची भेगाळलेली जमीन टिकासालाही दाद देत नाही, माणसं थकतात आणि घाव वर बसायला लागतात.

मोकळंमैदान
धन्यवाद धावडा भाऊ. मग जाळून टाकली तर? उन्हाळ्यात चांगली पेटेल.

धावडा
पेटेल, पण वरची. गाठ जमिनीखाली शाबूत राहते आणि पहिल्या पावसाला फुटते. आगीत मोह-पळसाची रोपटी मरतात, घाणेरीला उलट मोकळी जागा मिळते. शिवाय गोरेवाडा जवळ आहे, तिकडे ठिणगी गेली तर वणवा. जाळायचं नावही काढू नका.

पेंचवाट
घाणेरीबद्दल थोडी भर. ती 1809 मध्ये शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं तिचा पसारा सुमारे 1,54,000 चौरस किलोमीटर मांडला, म्हणजे देशातल्या वाघांच्या मुलखाचा 40 टक्क्यांहून अधिक भाग. जंगलात तिच्यामुळे काय होतं ते विदर्भाच्या संदर्भात समजून घेतलं पाहिजे. आपलं जंगल शुष्क पानगळीचं. उन्हाळ्यात सागाची, धावड्याची पानं गळली की उजेड जमिनीपर्यंत येतो आणि त्याच उजेडावर गवत जगतं. घाणेरीची जाळी तो उजेड खाते. गवत गेलं की चितळ, रानगवा यांचा चारा जातो. घाणेरी त्यांना खाता येत नाही, तिच्या पानांतल्या विषानं गुरांचं यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. मग चितळ आणि नीलगाय शेताकडे वळतात. त्यांच्यामागे वाघ येतो, हे पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलांच्या काठावरच्या गावांना सांगायला नको. आणि ज्या मोहाखाली घाणेरी माजली, तिथे पहाटे फुलं वेचता येत नाहीत. हा त्या घराचा थेट तोटा आहे.

कृषीसखी
रानतुळशीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. नावात तुळस असल्यानं लोक उपटायला कचरतात. ही आपली तुळस नव्हे, अमेरिका खंडातून आलेलं तण आहे. चौकोनी खोड, उग्र वास, बारीक जांभळट-निळी फुलं. बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं पांढरं बुळबुळीत आवरण फुगतं. त्या चिकटपणामुळे ते ओल्या पायाला, बुटाला, गुरांच्या खुरांना चिकटून फिरतं.

ही वर्षायू (एकाच मोसमात उगवून संपणारी) आहे, म्हणून तिचा बंदोबस्त घाणेरीपेक्षा सोपा, पण तारखेचा पक्का. जून-जुलैत उगवते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलते, नोव्हेंबरपासून बी झडतं. त्यामुळे 15 जुलै ते ऑगस्टअखेर, गुडघ्याएवढी असताना, ओल्या मातीतून मुळासकट उपटायची. मूठभर खोडं एकदम धरून वर खेचली की सहज येतात. उपटलेली तिथेच आडवी टाकली तरी चालतं, पण मुळावरची माती झटकून, नाहीतर भिजपावसात परत धरते.

गुडघ्याएवढी असताना विळ्यानं कापली तर खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि झाड आणखी पसरतं. फूल आल्यावर मजूर लावले तर पैसा गेला, कारण हालचालीत बी झडतं. आणि डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या म्हणजे वणव्याचं सरपण.

संत्रानगरी
एवढी मजुरी परवडणार आहे का? तणनाशक मारून मोकळं व्हा. 2,4-डी मारा, रुंद पानाचं सगळं मरतं आणि गवत वाचतं. स्वस्तही आहे.

कृषीसखी
गवत वाचतं हे बरोबर. पण भाऊ, ही जागा नागपूर जिल्ह्यात आहे आणि शेजारी कपाशी असू शकते. कपाशी 2,4-डीला अत्यंत नाजूक आहे. वाऱ्यावर उडून आलेला अंश, किंवा नीट न धुतलेल्या पंपातलं उरलेलं औषधसुद्धा पुरतं. पानं भेंडीच्या पानासारखी फाटतात, शेंडा लांबतो, पात्या (कळ्या) गळतात. उन्हाच्या तडाख्यात काही प्रकारच्या औषधाची वाफ होऊन ते दूर जातं. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकं तण काढायच्या वेळेस, कपाशी भर वाढीत असते. त्यामुळे शेताजवळ हे औषध नको. पळस-मोहाची रोपटीही रुंद पानाचीच, तीही मरतील.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. आणि नाल्याच्या काठानं कुठलंच तणनाशक फवारायचं नाही.

काही जण मिठाचं पाणी सुचवतील, 100 लिटरला 15 ते 20 किलो मीठ. गाजर गवत त्यानं करपतं खरं. पण काळ्या चिकणमातीत सोडियम वाढला की तिचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि वर कडक पापुद्रा धरतो. तिथे नंतर गवत लावायचं आहे, त्यामुळे मीठ अजिबात नको.

गणेशटेकडी
गाजर गवताचं मग काय? आमच्या लेआऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर दर पावसाळ्यात दोन वेळा कापतात, तिसऱ्या महिन्यात परत तेवढंच.

कृषीसखी
कापतात म्हणूनच परत येतं. बुडखा राहिला की त्याला नवे फुटवे येतात आणि बुटकं झाड आणखी लवकर फुलतं. एका झाडाला 10,000 ते 25,000 बिया. ओल मिळाली की वर्षात कधीही उगवतं आणि चारेक महिन्यांत बी देऊन मोकळं होतं. म्हणून पावसाळ्यात एक आणि थंडीत, नळगळतीच्या किंवा सांडपाण्याच्या ओलीवर उगवलेल्यासाठी एक, अशा दोन फेऱ्या धराव्याच लागतात.

उपटायचं पानांचा चक्राकार गुच्छ जमिनीसरशी असतो तेव्हा, किंवा फार तर पहिल्या कळीपर्यंत. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, नाकाला रुमाल. ज्यांना दमा आहे किंवा आधी अंगावर चट्टे आले आहेत त्यांनी हे काम घेऊच नये. याची ॲलर्जी दर वेळी वाढत जाते.

उपटलेल्याचं खत होतं, पण खड्ड्यात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट खोल. हे माप कंपोस्ट खताच्या नाडेप टाक्याचंच आहे, आणि नाडेपकाका म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. तळाशी आणि बाजूंना माती चोपून घ्यायची म्हणजे रस मुरून जात नाही. 50 किलोच्या आसपास गाजर गवताचा थर पायानं दाबायचा, त्यावर शेणकाला, त्यावर बारीक मातीचा पातळ थर. असे थर जमिनीच्या वर फूटभर आले की शेण, माती, भुसा यांच्या लगद्यानं घुमटासारखं लिंपून टाकायचं. चार-पाच महिन्यांत तयार. उघड्या ढिगात आतली उष्णता पुरत नाही, फुलावर आलेलं झाड घातलं तर बी जिवंत राहतं आणि खताबरोबर शेतात पोचतं. खत वापरण्याआधी मूठभर कुंडीत टाकून आठ-दहा दिवस पाणी घालून बघा. गाजर गवत उगवलं तर तो लॉट शेतात न्यायचा नाही.

सेमिनरीहिल्स
गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा विसरलात काय? पांढरट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. 1980च्या दशकात बंगळूरला आणला. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून तो प्रसारासाठी मिळतो, आणि जबलपूर आपल्याला जवळ. 16 ते 22 ऑगस्टला त्यांचा गाजर गवत जागृती सप्ताह असतो, तेव्हा चौकशी करणं सोपं.

पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. प्रौढ आणि अळी दोन्ही पानं खातात, झाड बोडकं होतं, फुलं कमी येतात. तो पावसाळ्यातच कामाचा. थंडी आणि उन्हाळा तो मातीत निजून काढतो. जुलैच्या सुरुवातीला कोवळ्या झाडांवर सोडला तर वाढतो. सप्टेंबरमध्ये सोडला तर निबर झाडावर काही करत नाही. आणि जिथे भुंगेरा सोडला तिथे त्या मोसमात उपटणी किंवा फवारणी केली तर त्याचंच अन्न जातं. मोकळंमैदान यांच्या दोन एकरासाठी हातानं उपटणंच बरं. भुंगेरा रेल्वेलाईनच्या कडा, मोठे पडीक पट्टे यांच्यासाठी.

तळ्याकाठी
नाल्यातल्या बेशरमबद्दल कोणीच बोललं नाही. ती पावसाळ्यात तोडू नका. पोकळ खोडाचा वीतभर तुकडा पाण्यात वाहून गेला की खालच्या चिखलात रुजतो. पावसाळ्यात साफ केलेल्या नाल्याचं पुढचं अर्धा किलोमीटर पात्र पुढच्या वर्षी बेशरमनं भरतं, याचं कारण हेच. नागपुरातले बहुतेक नाले शेवटी नाग किंवा पिवळ्या नदीला मिळतात, तेव्हा तुमचा तुकडा तुमच्यापुरता राहत नाही.

फेब्रुवारी ते मे, पाणी उतरल्यावर. वरच्या अंगाकडून खाली यायचं. चिखलातलं बुड सब्बलनं हलवून मुळासकट काढायचं आणि पात्राबाहेर, पुराचं पाणी येणार नाही अशा मुरमाड जागी, मुळं वर करून पसरायचं. दीड-दोन महिन्यांच्या उन्हात पूर्ण वाळते. खोडाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका. शेळ्या सोडू नका, त्यांना याची चटक लागते आणि विषामुळे पुढे त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, मान हलत राहते, पाय लटपटतात. कुंपणासाठी ओली काडी रोवायची जी जुनी पद्धत आहे, तीही थांबली पाहिजे.

फुटाळाकाठ
तळ्याकाठी भाऊ, अंबाझरी तलावातल्या जलपर्णीबद्दलही लिहा ना. मशीन लावतात, काही दिवस पाणी दिसतं, परत हिरवं.

तळ्याकाठी
जलपर्णीचं अन्न सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद. तो येत राहिला तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, मग मशीन आठवड्याला किती उचलते याचा हिशेब त्याच्याशी लावायचा. उचलण्याचा वेग वाढीच्या वेगापेक्षा कमी पडला की काम कधीच संपत नाही. म्हणून मशीन लावायची ती हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा नागपूरच्या थंडीनं वाढ मंदावलेली असते. मे-जूनमध्ये तीच मशीन दुप्पट डिझेल खाते.

काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. बांबू किंवा बंद कॅन बांधलेला दोर आडवा टाकून तलावाचे भाग पाडायचे, म्हणजे साफ केलेल्या भागात वारा परत ढकलत नाही. ओल्या जलपर्णीत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ती लगेच ट्रकमध्ये भरली तर पाण्याचंच भाडं भरतो. आधी काठावर आठ-दहा दिवस वाळवायची. मात्र काठ म्हणजे पाण्याची रेघ नव्हे, पावसाच्या लोटानं परत आत जाणार नाही एवढी लांब. आणि शहरी सांडपाण्यातली जलपर्णी जड धातू शोषते, तिचं खत भाजीपाल्याला किंवा ती गुरांना चारा म्हणून देऊ नये.

तणनाशक मारून मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. बिया तळाच्या गाळात 15-20 वर्षं टिकतात. त्यामुळे सांडपाण्याचे नाले अडवून शुद्धीकरणाकडे वळवणं हाच मूळ इलाज, बाकी सगळं त्याच्या जोडीला.

संत्रानगरी
एक शंका आहे, मनापासून विचारतो. बाहेरचं सगळंच वाईट म्हणायचं का? आपलं संत्रंही भोसल्यांच्या काळात बाहेरूनच आलं असं सांगतात. मिरची, टोमॅटो, बटाटा अमेरिकेतले. गुलमोहर मादागास्करचा.

पेंचवाट
चांगला प्रश्न. परकी आणि आक्रमक यात फरक आहे. संत्र्याचं झाड बागेबाहेर आपोआप पसरून जंगल गिळत नाही, पाणी-खत थांबवलं तर मरतं. आक्रमक ती, जी माणसाच्या मदतीशिवाय पसरते आणि इथल्या प्रजातींची जागा घेते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवालात जगभर 37,000 हून अधिक परक्या प्रजाती स्थिरावल्याचं म्हटलं आहे, त्यातल्या 3,500 हून अधिक आक्रमक. म्हणजे दहातली एक. पण जगात नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजातींपैकी 60 टक्क्यांच्या नाशात त्या एकीचा वाटा आहे.

सुबाभूळ मात्र आक्रमकच धरा. चारा आणि जळण म्हणून तिचा जोरात प्रसार झाला, आता रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला दाट रोपवाटिका उगवते. तोडली की फुटते. बोटाएवढी रोपं ओल्या मातीत उपटायची. मोठ्या झाडाची शेंग हिरवी असतानाच छाटायची. पण शहर हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा. आणि वनखात्याच्या हद्दीत, कितीही चांगल्या हेतूनं, घाणेरीसुद्धा परवानगीशिवाय उपटायची नाही.

नर्सरीतून आणताना दुभाजकात लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलिया टाळा. तिचा कापलेला तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो.

गवताळ
आतापर्यंत सगळं काढण्याबद्दल झालं. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मोकळी जागा मोकळी राहत नाही. घाणेरी काढून गवत लावलं नाही तर त्या जागी रानतुळस येते, रानतुळस काढली तर गाजर गवत. अशी कामं फसतात ती बहुतेक याच जागी.

गोरेवाडा भागात मुरमाड उंचवटा असेल तर पवना आणि कुसळी ही देशी गवतं, खोल काळ्या मातीत मारवेल, पाणी साचतं तिथे मुशान गवत. मारवेल ठोंबांनी लावणं सगळ्यांत खात्रीचं: दोन-तीन काड्यांचा मुळासकट ठोंब, 45 × 30 सेंटीमीटरवर, जुलैच्या झडीत. बी पेरायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा केलेलं वापरा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. हेक्टरी 5-6 किलो पुरतं, म्हणजे 2 एकराला साधारण 4-5 किलो. बी हलकं आणि केसाळ असतं, वाऱ्यावर उडतं. शेणमातीत कालवून बोराएवढ्या गोळ्या करून टाका, आणि एक सेंटीमीटरहून खोल गाडू नका. कुसळी फुलावर यायच्या आधी एकदा कापून घ्यायची, नाहीतर तिची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात.

पहिली दोन वर्षं चराई बंद. झाडं लावायची घाई नको. पळस, मोह, बेहडा उभे आहेत, गवत स्थिरावलं की त्यांचीच रोपं खाली दिसायला लागतील.

मोकळंमैदान
सगळ्यांचे मनापासून आभार. जेसीबी रद्द. असं ठरवतो: जागेचे चार पट्टे, पहिल्या पावसानंतर चारही पट्ट्यांतली घाणेरी एका दमात काढायची, पंधरा जुलैपासून रानतुळस, मग मारवेल. बेशरम पुढच्या फेब्रुवारीत.

धावडा
चारही पट्टे एकदम घेऊ नका जी. एवढ्या जागेवर लगेच गवत लावणं होणार नाही, आणि आपल्याकडे जुलैत एका दिवसात धो-धो पाऊस पडला तर उघडी माती नाल्यात जाईल. घाणेरीत बुलबुल, सातभाई, ससे यांचा आसरा असतो, त्यांनाही हलायला वेळ द्या. घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत सोडा. यंदा दोन पट्टे, उताराला आडवे, आणि सुरुवात जिथे घाणेरी विरळ आणि गवत थोडं शिल्लक आहे तिथून. दाट गाभा शेवटी. बहुतेक जण उलट करतात. दाट जाळीत सगळी ताकद संपते आणि चांगली बाजू तोवर बिघडते.

रानतुळस आणि गाजर गवत मात्र यंदाच, चारही पट्ट्यांत. त्यांचं बी पडू द्यायचं नाही.

काढलेल्या पट्ट्यांत परत फेरी जुलैअखेर, सप्टेंबरअखेर आणि जानेवारीत. पळस, मोह आणि बेहड्याच्या खाली नीट बघा. पक्षी फळं खाऊन तिथेच बसतात, त्यामुळे घाणेरीची रोपं त्या घेरातच गर्दीनं येतात. वीतभर असताना दोन बोटांनी निघतात. असं तीन पावसाळे करावं लागेल.

गवताळ
आणि मारवेलचे ठोंब काढायला रस्त्याकडेचं गवत निवडू नका, त्याच्या मुळांच्या मातीत गाजर गवताचं बी असतंच. जुन्या बांधावरचे घ्या, मुळं पाण्यात खळबळून माती पूर्ण सोडवा, आणि ते पाणी तिथेच बांधावर ओता.

मोकळंमैदान
नोंद केली. यंदा वरचे दोन पट्टे. पहिला चांगला पाऊस झाला की घाणेरीपासून सुरुवात, जुलैअखेरच्या फेरीनंतर काय उगवलं ते इथे लिहितो.